अबिक्यूचा पाट

ज्या गावाबद्दल लिहिते आहे त्याचा एकही फोटो माझ्या मोबाइलमध्ये नाही. गावात शिरताना फोन पर्समध्ये टाकला, तो गाडीत परत बसल्यावरच बाहेर काढला. गावकऱ्यांची तशी विनंती असते: घरांचे, चौकाचे, माणसांचे फोटो काढू नका. इथे बहुतेक पर्यटक येतात ते जॉर्जिया ओकीफ या चित्रकर्तीचं घर बघायला. १९४५ साली तिने इथलं एक पडकं मातीचं घर घेतलं, दुरुस्त केलं आणि पुढे अनेक वर्षं तिथे राहिली. तिच्यामुळे अबिक्यू हे नाव जगभर गेलं. पण तिच्या कुंपणापलीकडे जे गाव आहे, ते तिच्या जन्माच्या शंभरएक वर्षं आधीपासून तिथे नांदतं आहे, आणि त्याची गोष्ट मला तिच्या घरापेक्षा जास्त चिकटली.

अबिक्यू अमेरिकेच्या न्यू मेक्सिको राज्यात आहे, सांता फे या राजधानीपासून वायव्येला साधारण ८० किलोमीटरवर. माझा दादा अल्बुकर्कीला असतो, मागच्या एप्रिलमध्ये मी त्याच्याकडे होते. वहिनी म्हणाली, "तुला जुन्या मातीची आवड, तू अबिक्यूला जाऊन ये." गेले. आणि गावाखालच्या शेतांत, कॉटनवुडच्या झाडांच्या रांगेत, मला चक्क एक पाट दिसला. कच्चा, मातीचा, हातभर रुंद, काठावर नुकताच काढून टाकलेला गाळ. माझं आजोळ साक्री तालुक्यातलं, पांझरेच्या काठचं. लहानपणी मामाबरोबर फडाच्या पाण्यावर गेलेय. पाटकरी कुणाच्या शेताला कधी पाणी सोडतो, कुणाची पाळी चुकली की कसा आरडाओरडा होतो, हे सगळं पाहिलेलं. त्यामुळे त्या परक्या मुलखात तो ओला गाळ बघून मी थांबलेच.

तिकडे पाटाला 'असेकिया' म्हणतात. शब्द मूळ अरबी. अरबांबरोबर तो स्पेनमध्ये गेला, स्पॅनिश लोकांबरोबर मेक्सिकोत आणि तिथून इथे. न्यू मेक्सिकोत असे सुमारे ७०० पाट आजही चालू आहेत. प्रत्येकाचा एक 'मायोर्दोमो' असतो, म्हणजे आपला पाटकरीच म्हणा. फक्त त्याला पाण्याचे वाटेकरी निवडून देतात. वसंतात सगळ्यांनी मिळून पाट साफ करायचा, ज्याचा जितका वाटा तितकी त्याची मजुरी. स्वतः येता येत नसेल तर माणूस पाठवायचा.

आता मी या पाटावर का अडकले ते सांगते. त्यासाठी आधी एक कबुली द्यावी लागेल.

पुरातत्त्वात एमए करताना मी खानदेशातल्या एका गावात उत्खननाला होते. गावाच्या कडेला एक टेकाड होतं. आमच्या भाषेत 'साइट', गावाच्या भाषेत 'पांढरी'. शेतजमीन ती काळी आणि वस्तीची माती ती पांढरी, हे शब्द शेतकऱ्यांचे, आणि पुरातत्त्ववाल्यांनाही त्यांचा फार उपयोग होतो: जुनी वस्ती शोधायची तर आधी गावात विचारायचं, पांढरी कुठे आहे. तर त्या पांढरीवर आम्ही दोन महिने खणलं. गावातले बायका-पुरुष रोजंदारीवर होते. घमेली ते उचलायचे, माती ते चाळायचे, खापरं ते धुवायचे. थरांची नावं आम्ही द्यायचो. शेवटच्या आठवड्यात खापरं धुणाऱ्या एका आजींनी मला विचारलं, "पोरी, हे समदं पोत्यात भरून नेताय. आमच्या पांढरीत काय निघालं, ते आम्हाला कधी सांगणार?" मी म्हटलं, "आजी, रिपोर्ट झाला की येऊ." रिपोर्ट इंग्रजीत झाला. आम्ही परत गेलो नाही.

मला तेव्हा यात काही चुकतंय असंही वाटलं नव्हतं. पद्धतच तशी होती.

अबिक्यूचा इतिहास समजून घ्यायचा तर 'हेनीसारो' हा एक शब्द समजून घ्यावा लागतो. स्पॅनिश वसाहतवाले १५९८ पासून न्यू मेक्सिकोत होते. १६८० साली तिथल्या पुएब्लो लोकांनी उठाव करून त्यांना पार हाकलून दिलं. बारा वर्षांनी ते परत आले. परत आल्यावर एक धंदा जोमाने वाढला: माणसांचा. कमांची, यूट, अपाची, नाव्हाहो या टोळ्यांच्या आपसांतल्या लढायांमध्ये जी माणसं, त्यातही बायका आणि लहान मुलं, पकडली जात, ती जत्रेच्या बाजारात विकायला यायची. स्पॅनिश लोकही स्वतः छापे घालून माणसं धरून आणत. आता स्पेनच्या राजाने १५४२ सालीच मूलनिवासींना गुलाम करायला बंदी घातलेली. मग वाट काढली ती अशी: आम्ही यांना विकत घेत नाही, रानटी लोकांच्या तावडीतून सोडवतो. या व्यवहाराला 'रेस्काते' म्हणजे सुटका असंच नाव होतं. सोडवायला पैसे पडले, ते सुटलेल्याने चाकरी करून फेडायचे. बाप्तिस्मा द्यायचा, स्पॅनिश नाव ठेवायचं, आणि घरातलं मूल म्हणून वाढवता वाढवता शेणगोठ्यापासून सगळं करून घ्यायचं. आपल्याकडे पेशवाईच्या कागदांत कुणबिणींच्या खरेदीचे हिशेब ज्यांनी वाचले असतील, त्यांना गुलामीला घरगुती शब्दांत गुंडाळण्याची ही तऱ्हा अनोळखी वाटणार नाही.

अशा माणसांना आणि त्यांच्या मुलाबाळांना हेनीसारो म्हणत. तुर्कांच्या फौजेत लहानपणी पळवून आणलेल्या ख्रिस्ती मुलांची जी पलटण असे, जॅनिसरी, त्यावरूनच हा शब्द आला. आई पॉनी, बाप होपी, वाढले स्पॅनिश घरात, जमात कुठलीच नाही. अठराव्या शतकाच्या अखेरीस न्यू मेक्सिकोच्या वस्तीत एक तृतीयांश लोक असे होते, असा इतिहासकारांचा अंदाज आहे.

चाकरीतून मोकळ्या झालेल्या या लोकांचं करायचं काय? गव्हर्नरांना उत्तर सापडलं सरहद्दीवर. चामा नदीच्या खोऱ्यात स्पॅनिश वस्त्या टिकत नव्हत्या. १७४७ च्या ऑगस्टमध्ये अबिक्यूच्या वस्तीवर हल्ला झाला आणि २३ बायका-मुलं पळवून नेली गेली. पुढच्या वर्षी लोक वस्ती सोडूनच निघून गेले. १७५४ साली गव्हर्नर तोमास वेलेस काचुपीन याने तिथली जमीन हेनीसारोंना सामाईक म्हणून लावून दिली. राहा, कसा, आणि हल्ला आला की आधी तुम्ही अंगावर घ्या. ज्यांना धरून आणलं होतं, त्यांनाच धरून नेणाऱ्यांच्या वाटेवर बसवलं. बसवलं तेही एका जुन्या तेवा वस्तीच्या अवशेषांच्या आसऱ्याने, म्हणजे या गावाखाली आणखी एक पांढरी आहे.

हे सगळं लिहिलं कुणी? पाद्र्यांनी, गव्हर्नरांच्या कारकुनांनी, खटले चालवणाऱ्यांनी. हेनीसारोंनी स्वतः लिहिलेलं जवळजवळ काही नाही. त्यांचा आवाज कागदावर येतो तो मुख्यतः आरोपी म्हणून किंवा अर्जदार म्हणून. १७५६ ते १७६६ या काळात अबिक्यूत चेटकाचे खटले चालले. फ्राय हुआन होसे तोलेदो हा तिथला पाद्री आजारी पडला, आपल्यावर करणी झाली म्हणाला, गावातल्या लोकांना धरलं गेलं. त्याच ओघात सरकारी माणसं आसपासची मूळ देवस्थानं आणि दगडांवरची कोरीव चित्रं शोधत फिरली, काही फोडली, काहींवर क्रूस कोरले. म्हणजे बाहेरून माणसं येऊन 'तुमचे जुने दगड दाखवा' म्हणाली, असा एक जुना अनुभव या गावाच्या गाठीशी आहे. फोटोबद्दलची विनंती वाचताना मला हा अनुभव आठवत होता.

१८२१ नंतर मेक्सिकोच्या राजवटीत असे जातीवाचक शिक्के सरकारी कागदांतून गेले, १८४८ मध्ये अमेरिकेचं राज्य आलं आणि नवीनच कोर्टकचेऱ्या सुरू झाल्या. न्यू मेक्सिकोतल्या कितीतरी सामाईक जमिनी वकिलांच्या आणि सट्टेबाजांच्या घशात गेल्या. अबिक्यूने आपली जमीन राखली. आजही १६,००० एकरांहून जास्त जमीन गावाच्या सामाईक मालकीची आहे आणि तिचा कारभार 'मर्सेद' ही गावाची निवडलेली संस्था पाहते. हे वाचायला दोन ओळींचं आहे, पण त्यात दीडशे वर्षांची चिकाटी आहे. २००७ साली राज्याच्या विधिमंडळाने ठराव करून हेनीसारो हे मूलनिवासी लोक आहेत असं मान्य केलं. त्या ठरावाने जमातीचा कायदेशीर दर्जा मात्र मिळत नाही. अमेरिकेचं केंद्र सरकार ज्यांना जमात मानतं, त्यांच्या पूर्वजांच्या हाडांना आणि पाण्याला जे संरक्षण आहे, ते यांना नाही.

या गावात २०१० च्या दशकात कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली शाखेतला पुरातत्त्वज्ञ जून सनसेरी विद्यार्थी घेऊन आला. सनसेरीने त्याआधी जवळच्या एल रितो भागात कासितास नावाच्या ओसाड हेनीसारो वस्तीचा अभ्यास केला होता. त्याच्या पुस्तकाचा मुद्दा मला फार पटला. खापरांवरून माणसं ओळखायची आमची जुनी सवय अशी की चकचकीत झिलईचं खापर सापडलं की 'स्पॅनिश', साधं भाजलेलं सापडलं की 'इंडियन', मग दोन्हींची बेरीज मांडायची. सरहद्दीवरची माणसं तशी वागत नव्हती. वस्तीची मांडणी अधिकाऱ्यांना हवी तशी, चौकाभोवती. चुलीपाशी गेलं, कशात शिजवलं आणि जनावर कसं कापलं हे बघितलं, की निराळं घर दिसायला लागतं. जिथे जी ओळख कामाची, तिथे ती पुढे करायची. आपल्याला परगावी गेल्यावर आडनाव हळू सांगावंसं वाटतं, तेव्हा आपण काय करतो?

अबिक्यूत मात्र सनसेरी आपला प्रश्न घेऊन खणायला बसला नाही. प्रकल्पाचं नावच 'बर्कली-अबिक्यू कोलॅबोरेटिव्ह आर्किऑलॉजी'. मर्सेद आणि गावाचं वाचनालय हे त्यातले भागीदार. आधी गावाला विचारलं गेलं की तुम्हाला काय जाणून घ्यायचंय. आता आमच्यासारख्यांना वाटेल, अशा गावाला आपलं मूळ जाणून घ्यायचं असणार: आम्ही कोण, आमचं रक्त कुणाचं? गावाच्या यादीत पाणी होतं. आमचे पाट नीट मोजा, नकाशावर आणा, ते किती जुने आहेत ते दाखवा.

यात भावनेपेक्षा कायदा जास्त आहे. न्यू मेक्सिकोत पाण्याचा हक्क ठरतो तो कोण आधी वापरायला लागलं यावर. नदीत पाणी कमी पडलं तर ज्याचा वापर जुना, त्याचा हक्क आधी. वापर बंद पडला तर हक्क जाऊ शकतो. आणि हक्क विकताही येतो, शहरं ते विकत घ्यायला तयारच असतात. म्हणजे पाट १७५४ चा की १८८० चा, याला तिथे रोकडी किंमत आहे. अबिक्यूच्या वरच्या अंगाला चामा नदीवर १९६३ साली पूर्ण झालेलं धरण आहे. पलीकडच्या सान हुआन नदीच्या खोऱ्यातून बोगद्यांनी आणलेलं पाणी चामात सोडलं जातं, अल्बुकर्की आपला वाटा या धरणात साठवते आणि २००८ पासून ते शहराला प्यायला मिळतं. हे मला परत आल्यावर कळलं. दादाच्या स्वयंपाकघरात नळाखाली पेला धरला होता, आणि लक्षात आलं की हे पाणी त्या गावाखालून येऊन इथे पोचलंय.

पाट किती जुना हे शोधणं दिसतं तितकं सोपं नाही. घर पडतं, त्यावर माती साचते, थर राहतात. पाट दरवर्षी साफ होतो. म्हणजे जो पाट लोकांनी इमानाने राखला, त्याच्या पोटात जुनं काहीच उरत नाही. पुरावा असतो तो काठावर, वर्षानुवर्षं उपसून टाकलेल्या गाळाच्या वरंब्यात. त्याचा आडवा छेद घेतला तर गाळाचे पदर दिसतात, मध्येच खापराचा तुकडा, जनावराचं हाड, कोळसा. शिवाय पाटाने दिशा कुठे बदलली, जुनं तोंड नदीवर कुठे होतं, कुठल्या शेताला पाणी जायचं बंद झालं, हे पायी चालून मोजावं लागतं. आणि इथे विद्यापीठाच्या यंत्रापेक्षा गावातला म्हातारा माणूस जास्त उपयोगी. अमक्या बाभळीपाशी पूर्वी दार होतं, हे माझे मामाही सांगतील. उपग्रहाला ते दिसत नाही.

काम करणाऱ्यांत गावातली मुलंही होती, विद्यार्थ्यांच्या बरोबरीने. मोजणीचं यंत्र कसं लावायचं, खापर कसं टिपायचं हे ती शिकली. मला यातलं सगळ्यात महत्त्वाचं हे वाटतं, कारण आमच्या पांढरीवर नेमकं हेच घडलं नव्हतं. खापरं धुणाऱ्या आजींना दोन महिन्यांत हजारो खापरं हाताखालून गेल्यावर काळं-तांबडं, जाड-पातळ असा फरक आमच्याइतकाच कळायला लागला होता. त्या वेगळे ढीगही करायच्या. आम्ही त्यांना एकदाही विचारलं नाही की तुम्ही हे वेगळं का ठेवलंत.

सगळं गोडगोड आहे असं मात्र मी म्हणणार नाही. डिग्री शेवटी विद्यापीठाच्या मुलांना मिळते, अनुदान संपलं की प्रकल्प संपतो, आणि 'गाव' म्हणजे काही एक माणूस नव्हे. कुठल्याही गावात दोन भाऊ एका बांधावर एकमत होत नाहीत, तर तीनशे वर्षांच्या गोष्टीवर कसे होतील? शिवाय पाट जुना नाही असं निघालं असतं तर? गावाने मागितलेला पुरावा गावाच्या विरुद्ध गेला तर शास्त्रज्ञाने काय करायचं? याचं उत्तर आधीच ठरवून ठेवावं लागतं, आणि ते गावाबरोबर बसून ठरवावं लागतं. आमच्याकडे निदान हा पेचच नव्हता, कारण आम्ही कुणाला काही सांगणारच नव्हतो.

अबिक्यूची स्वतःची आठवण जपायची तऱ्हा उत्खननापेक्षा जुनी आहे. दर नोव्हेंबरात तिथे सांतो तोमासचा उत्सव असतो. तोंडावर तांबडे पट्टे रंगवून मुलं नाचतात. नाचता नाचता बघ्यांतल्या कुणालातरी धरतात, आणि त्याच्या नातलगांनी पैसे देऊन त्याला सोडवायचं. हसत-खेळत चालतं हे सगळं. नातेवाईक मुद्दाम खिसे चाचपतात, घासाघीस करतात. रेस्काते हा शब्द कागदावर मालकाने लिहिला होता. नाचात तो पकडलेल्यांच्या नातवंडांच्या हातात आहे. मी एप्रिलमध्ये गेले होते, त्यामुळे हा नाच मी पाहिलेला नाही, त्याबद्दल वाचलंय फक्त. पाहिला असता तरी फोटो काढता आला नसताच.

त्या दिवशी मी पाटाच्या काठाने थोडं चालले. टोपी घातलेले एक आजोबा फावड्याने दाराची माती सारखी करत होते. मी मोडक्या स्पॅनिशमध्ये सांगितलं की आमच्या गावाकडेही असा पाट आहे. त्यांनी छान इंग्रजीत विचारलं, "पाणी पुरतं का?" मी म्हटलं, "नाही." ते म्हणाले, "इथेही नाही." आणि पुन्हा कामाला लागले. दारावर लाल मिरच्यांच्या माळा टांगलेलं घर मागे होतं. आमच्या आजोळी अंगणात अशाच मिरच्या वाळत असतात, आणि त्या मिरचीचं मूळ गाव मेक्सिकोच, हे त्यांना सांगायचं राहून गेलं.

परत आल्यावर उत्खननाची माझी वही शोधली. पिवळी पडली आहे. चौथ्या खड्ड्याच्या पानावर सांडपाण्याच्या एका गटारीचं चित्र आहे, दगडी, उताराची. शेजारी मी पेन्सिलीने लिहिलंय: "आजी म्हणतात, त्यांच्या जुन्या वाड्यात अशीच होती." खाली काही नाही. ती नोंद रिपोर्टात गेली नाही. गावातल्या एका मुलाचा नंबर अजून माझ्याकडे होता, तेव्हा तो आमच्या चाळणीवर असायचा. मागच्या आठवड्यात फोन केला. आजी आहेत म्हणाला, ऐकायला कमी येतं. मी विचारलं, "खापरांचे फोटो आणि ही वही घेऊन आले तर गावात कुणाला बघायचं असेल का?"

"या ना," तो म्हणाला. "पण शाळेच्या वर्गात बसू, म्हणजे सगळ्यांना येता येईल. आणि ताई, रिपोर्ट मराठीत आहे का?"

मराठीत करायला घेतलाय. पहिल्या थरापर्यंत आले आहे.